होणाऱ्या व्याह्यांना शहर दाखवलं

मंगळवार, माघ

पिशोरहून आलेल्या होणाऱ्या व्याह्यांना आज शहर दाखवलं. लग्नानंतर आमच्या नातीला, कमलला, बी.ए.चं शेवटचं वर्ष पुरं करू देतील का, एवढंच विचारायचं होतं. मकबऱ्यात धीर झाला नाही. पाणचक्कीवर ते म्हणाले, "चक्की हाय, पण पीठ कुठंय?" दोघंही हसलो. तेव्हाच विचारायला हवं होतं. शहागंजात इमरती खाताना विचारलं ते एवढंच, आणखी घेणार का?

शेवटी विद्यापीठ. कमलचा वर्ग त्यांनी खिडकीतून नीट पाहिला अन् विचारलं, "परीक्षेला पोरीला कोण आणणार, तुम्ही का आम्ही?"

म्हणजे परवानगीच की ही! घाईत "आम्हीच आणू" म्हणून बसलो. सून त्यांची, मान त्यांचा. राग आला असेल का? सकाळी ते एस.टी.त बसण्याआधी सांगतो, तुम्हीच आणा.