लोहरीच्या खाणीचे तोंड उघडे ठेवण्याबाबत

लिहून ठेवते मी, विनया अशोक टिळेकर, भूगर्भशास्त्राची निवृत्त प्राध्यापिका, राहणार सेक्टर २२, चंदीगड. माझे डोके ठिकाणावर आहे. शंका असेल त्याने खुशाल येऊन वाद घालावा. कोणाच्याही दबावाशिवाय हे मृत्युपत्र करीत असून यापूर्वीचे रद्द करते.

१. राहते घर मुलगा कैवल्य यास. गॅलरीतले सगळे दगड मात्र शेजारच्या रागिणी भाटिया यांना. "विनयाजी, ये पत्थर कब हटेंगे?" विचारून त्यांनी माझा जीव खाल्ला आहे. आता हटवा म्हणावं!

२. हातोडा माझी विद्यार्थिनी संपदा हिला. आळशी आहे, पण खडक बघितला की तिचे डोळे चमकतात.

३. पिंजौरच्या वर, लोहरी खोऱ्यातली जमीन. तिथल्या चुनखडीच्या खाणी कधीच बंद पडल्या. पण एका जुन्या बोगद्याचे तोंड माझ्या जमिनीत आहे आणि डोंगरात मुरलेले पाणी तिथूनच बाहेर पडते. बकऱ्या आत शिरतात म्हणून पूर्वी एका ठेकेदाराने ते विटांनी बुजवले. त्या पावसाळ्यात पाणी आत तुंबले, उतार फुगला आणि अर्धा कडा गावावर आला. माणसे मेळ्याला गेली होती म्हणून वाचली. मी समोरच्या धारेवरून पाहत होते. देवा रे! झाडं उभीच्या उभी चालत खाली आली. जन्मभर डोंगर शिकवले, पण त्या दिवशी नुसते हात जोडले गेले.

मग ती जमीन मी घेतली आणि भिंत फोडली. दरवर्षी पावसाआधी गावकऱ्यांबरोबर तोंडाशी साचलेला गाळ उपसते.

कैवल्यला तिथे रिसॉर्ट हवे होते, बोगदा बुजवून वर पार्किंग. "मम्मा, पहाड कहाँ भागा जा रहा है?" म्हणे! संतापून मी मागच्या मृत्युपत्रात जमीन पंचायतीला लिहून दिली.

यंदा आषाढात त्याला हट्टाने नेले. पाणी धो धो येत होते. त्याने बोगद्याच्या दगडाला हात लावला, आतली थरथर जाणवताच चटकन मागे घेतला, पुन्हा ठेवला. खाली गावातली शाळा सुटली होती. पोरांकडे बघत तो हळूच म्हणाला, "मम्मा, इसे कभी बंद मत होने देना."

म्हणून ही जमीन कैवल्यलाच देते. गाळ त्याने स्वतः उपसावा, मजूर पाठवून भागणार नाही. तोंड बुजवल्यास त्याचा हक्क संपून जमीन पंचायतीची होईल.

कैवल्य, माझं आता संपत आलंय रे. तू होऊ देऊ नकोस बंद.

सही: विनया अशोक टिळेकर
आमच्यासमक्ष सही केली:
१. कर्नल हर्षवर्धन शेलार, चंडीमंदिर
२. मधुरिमा ओक, सेक्टर १५
चंदीगड, २ सप्टेंबर २०२४