सुधामावशीचे हात अडकतात

१२ जाने.
संध्याकाळी पुन्हा तेच. सासूबाई आणि नागपूरची सुधामावशी, दोघी बहिणी जन्मापासून ऐकू न येणाऱ्या. सगळं बोलणं हातांनी, व्हिडिओवर. चित्र अडकलं की अर्धं वाक्य गायब. आज मावशी ऑपरेशनचं काहीतरी सांगत होती. कुणाचं, कळलंच नाही. आईंनी मला खुणेने विचारलं, "तू इंटरनेटवाली ना?"
घरात लाइन आमच्याच कंपनीची. उद्या बघतेच.

१३ जाने.
मानेसरच्या ऑफिसात. आम्हाला इंटरनेट देणाऱ्या दोन कंपन्या. जाणारा ट्रॅफिक, म्हणजे डेटा, कुठून काढायचा ते आम्ही ठरवतो, येणारा कुठून यावा ते समोरचे. नागपूरचा येतो दुसऱ्या कंपनीतून, ती लिंक संध्याकाळी तुडुंब. तिकडून आमचा रस्ता मुद्दाम लांबचा दाखवून पाहिला. ढिम्म. आम्ही त्यांचं थेट गिऱ्हाईक, त्यांना थेट रस्ताच प्यारा.

१५ जाने.
दुसऱ्या कंपनीच्या इंजिनिअरशी बोलले. आपण त्यांना कळवतो त्या रस्त्यावर त्यांनी ठरवलेला आकडा, म्हणजे कम्युनिटी, लावून पाठवायचा. मग ते थेट रस्त्याला शेवटची पसंती देतात, ट्रॅफिक पहिल्या कंपनीकडून वळतो.
आमचे बॉस खन्ना सर म्हणाले, "पहली लिंक भर गई तो?"
"सिर्फ एक ब्लॉक पे, सर. एक ही सेक्टर के पते."
"तुम्हारे घर वाला?" हसले. "चलो, करो."

१६ जाने.
लावली. काहीच हललं नाही. मग दिसलं, आमच्याच राउटरवर कम्युनिटी पुढे पाठवणं बंद! यार... चालू केलं, ट्रॅफिक वळला.
संध्याकाळी चित्र स्वच्छ. मावशीचे हात भरभर. आई आधी खुश, मग एकदम थांबल्या. ऑपरेशन मावशीचंच. डोळ्याचा पडदा सुटतोय, दुसरा डोळा आधीच अंधुक. मंगळवारी.

१७ जाने.
पहिल्या कंपनीची लिंकही आता भरत चाललीय. सर म्हणतात सोमवारी बघू.
मावशीने मला खुणेतलं नाव दिलं. बोट सरळ नेऊन मध्येच वळवायचं. आई दिवसभर त्याच नावाने हाका मारतायत, उगाचच.

१८ जाने.
आई निघाल्या नागपूरला. धुक्याने गाडी लेट, नवरा समीर सोडायला गेलाय. निघताना मी खुणेने विचारलं, "मावशीच्या डोळ्यावर पट्टी असेल, पालथं झोपायचं असेल. तिला तुमच्या खुणा दिसणार कशा?"
त्यांनी माझा हात ओढला, तळव्यावर बोटाने काहीतरी काढलं. मग खुणेने म्हणाल्या, "लहानपणी दिवे गेले की आम्ही असंच बोलायचो."
काय काढलं होतं, ते मात्र सांगितलं नाही.