अंतराळात हरवलेले बाबा

३ जून

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

रोबो होणं हा काय धंदा झाला, हे तुमचं पालुपद आता पुरे. खेळण्यांच्या दुकानाबाहेर अ‍ॅनिमेतला, म्हणजे जपानी कार्टूनमधला, रोबो होऊन उभं राहायलाही अक्कल लागते. आणि सध्या मी रोबोसुद्धा नाही. मालकांनी विचारलं, हिरो होतोस का. मी लगेच हो म्हणालो. तिथंच घोडं अडलं. मालक ऊठसूट अ‍ॅनिमे बघतात. म्हणाले, खरा हिरो आधी नाही म्हणतो, मग जग बुडायला लागलं की नाइलाजाने रोबोत बसतो. मला राक्षस केलं. पोरं शेपूट ओढतात, पगारही कमी.

वर हिरोला बाप नसतो म्हणे. म्हणून सांगून टाकलं, माझे बाबा अंतराळात हरवले. सोमवारपासून हिरो! रागावू नका. लोभ आहे तो हेल्मेटसकट असू द्या.

तुमचा,
धाकटा

१२ जून

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या मालकांचा सांत्वनाचा फोन आला. मीच उचलला. शिवणाचं मशीन थांबवून सांगितलं, मी त्याचा काका. तुझी नोकरी जाऊ नये म्हणून थोडा रडलोही. नंतर खरंच रडू आलं, ते त्यांना कळलं नाही. यान कुठलं होतं विचारत होते. म्हटलं, मला शर्ट-पँटपलीकडचं कळत नाही.

तुझी आई माझ्याशी बोलत नाही. पोरगा जित्या बापाला हरवलेला सांगतो, म्हणजे चूक बापाचीच, म्हणे. दोन वर्षं तू घरी आला नाहीस. हरवलंय कोण, तेवढं मालकांना विचार.

लोभ जिवंत माणसाचा आहे, विसरू नकोस.

तुझा,
काका

२० जून

ती. काकांस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र हेल्मेट घालूनच वाचलं. काच आतून धुकट झाली, समोरचं दिसेना, दुकानाच्या दारावर जाऊन आपटलो. मालक धावत आले आणि माझ्या तोंडून सगळं खरं निघून गेलं. वाटलं, गेली हीपण नोकरी. तर ते नाचायलाच लागले. म्हणाले, हरवलेला बाप शेवटी परत येतोच, आणि राक्षसाच्या मुखवट्याआडून तोच निघतो! येत्या शनिवारी राक्षस म्हणून तुम्हीच पाहिजेत म्हणे. मी साफ नाही म्हणालो, बाबांची पाठ दुखते. त्यावर मालकांचे डोळे भरून आले. म्हणाले, नाही म्हणालास, आता शोभतोस हिरो.

तरी या. राक्षस नका होऊ, पण शेपूट उसवलंय, ते दुसऱ्या कुणाला जमणार नाही. आईलाही आणा. भांडायचं राहिलंय ते समोरासमोर भांडू, लोभ तेव्हाच मोजून घ्या.

तुमचा,
सापडलेला

ता. क. दोघांच्या फक्त येण्याच्या तिकिटांचे पैसे पाठवतोय, परतीचे नाही: चौदाशे.