चांदोलीला जायचं ठरलंय

प्रिय जयवंता वन्सं,

चारचौघांत मी तुला अहो-जाहो करते, पत्रात करणार नाही. मी सणसरला नांदायला आले तेव्हा तू परकर सावरत पाटाच्या काठानं हुंदडायचीस. तुझ्या डोक्यातल्या उवा मी काढल्यात. तेव्हा वहिनी म्हणून हुकूम सोडते तो ऐक. रविवारी आपण चांदोलीच्या जंगलात धबधबे बघायला जातोय. येतेस का, असं मी विचारलेलं नाही.

आमच्या पोरानं, अविराजनं गाडी घेतल्यापासून माझ्या पायाला चाकं लागलीत. पावसाळ्यात ते राष्ट्रीय उद्यान बंद असतं, आता उघडलंय, आणि यंदा तिकडं पाऊस उशिरापर्यंत पडल्यामुळं धबधब्यांना अजून पाणी आहे, असं तो मोबाईलवर बघून सांगतो. पहाटे इथून निघायचं, मोरगावात तुला घ्यायचं आणि नीरा, लोणंद, सातारा करत पुढं जायचं. आत वनखात्याची गाडी असते म्हणे. प्लॅस्टिक चालत नाही, म्हणून भाकरी फडक्यात बांधणार आहे. तू मटकीची उसळ तेवढी आण. माझी उसळ तुझ्या भावाला आवडत नाही, लग्न झाल्यापासून बिचारा मुकाट्यानं खातोय. आणि हो, तोही गाडीत असणार आहे. लगेच पत्र घडी घालून ठेवू नकोस, पुढं वाच.

पायलच्या लग्नापासून तू माहेरी आली नाहीस. भाऊबीजेलासुद्धा नाही. फोन केला की शेळ्यांचं बोलतेस, उन्हाचं बोलतेस, आणि तुझ्या भावाचं, अप्पांचं नाव निघालं की तुझं दूध उतू जायला लागतं. तू चुकतेयस असं मी म्हणत नाही. मंगलाष्टकांना नवरीच्या पाठीशी तिचा मामा उभा राहतो. तुझ्या पोरीला एकच मामा, आणि अंतरपाट धरायच्या वेळी त्याची जागा रिकामी. पाटाचं पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्याचा फोन आला की आपल्या शेताच्या चारीला पाणी दोन दिवस आधीच सुटलंय, आणि हा माणूस डोक्यावरच्या फेट्यासकट मोटारसायकलवर बसून सणसरला पळाला. वरपक्षाची माणसं “मामा कुठं हायत, मामा कुठं हायत” करत होती. शेवटी दाजींनी शेजारच्या गोजरबाईच्या मुलाला मामा म्हणून उभं केलं. पायलची मान तेव्हा जी खाली गेली, ती मी अजून विसरले नाही.

मी आठवडाभर ह्यांच्याशी बोलले नाही. त्यांना ते पाचव्या दिवशी कळलं.

मी त्यांची बाजू घेत नाही, पण इकडची रीत तुला ठाऊक आहे. पाण्याच्या पाळीच्या वेळी बांधावर माणूस नसला की पाणी पुढच्या वावरात जातं आणि परत यायला महिना लागतो. म्हणून आमच्याकडं कुणी गाव सोडत नाही. माझ्या आईच्या तेराव्यालाही हे अर्ध्यातून उठले होते. त्यांना वाटलं, मोरगावात तुम्ही टँकरची वाट बघता, पाण्यासाठी पळालेल्या भावाला तू तरी समजून घेशील. समजून घेईल म्हणून ज्याला गृहीत धरतो, तोच जास्त दुखावतो, हे त्यांच्या टाळक्यात कोण घालणार? मी घातलं. बरंच घातलं. तरी “माझं चुकलं” एवढे दोन शब्द काही तोंडातून बाहेर पडले नाहीत. तुम्ही भावंडं सगळी एका मुशीतली.

आता पत्र लिहायचं खरं कारण सांगते. काल पाटकरी दारात येऊन सांगून गेला, रविवारी आपल्या चारीला पाणी आहे. उन्हानं ऊस आधीच माना टाकतोय. म्हटलं, झालं, यंदाही जाणं होत नाही, आणि वन्सं कायमची तुटली. अविराजला तारीख बदल म्हणून सांगायला उठले, तर हे ओसरीवरून म्हणाले, “तारीख हलवू नगं. आपली पाळी मी बांधाशेजारच्या भीमाला दिलीय.” मला वाटलं थट्टा करतायत. मी विचारलं, आणि उसाचं काय? म्हणाले, “ऊस काय, परत लावता येतू.” पुढं म्हणाले, “जयवंताला कळीव. ती गाडीत न्हाय बसली, तर मी मोरगावातच उतरीन. तिच्या दारात बसून राहीन दिवसभर. पायलला बी बोलवून घे म्हणावं, तिच्याफुडं बी बोलायचं हाय मला.”

फोनवर हे सांगितलं असतं, तर नाव ऐकूनच तू फोन ठेवला असतास, म्हणून पत्र अविराजच्या हाती देतेय. एवढ्या वर्षांत हा माणूस पाणी सोडून कुणासाठी थांबलेला मी पाहिला नाही, वन्सं. माझ्यासाठीही नाही. तेव्हा रविवारी धबधबा बघायचा की तुझ्या उंबऱ्यावर बसलेला भाऊ, ते तू ठरव.

तुझीच,
ठमावहिनी