तीन वाजायच्या आत

मदिनत खलीफा, दोहा
शुक्रवार, ६ डिसेंबर २०२४

ती. बाबा,

नमस्कार. आम्ही तिघं बरे आहोत. इथे थंडी पडली, म्हणजे संध्याकाळी स्वेटर आणि दुपारी गाडीत पुन्हा एसी. गार्गीची परीक्षा संपली. कौशिकच्या कॉन्ट्रॅक्टचं तुम्ही परवा पुन्हा विचारलंत, त्याचं खाली लिहिते.

फोन सोडून पत्र का, असं वाटेल. अहो, फोन उचलला की तुम्ही आधी स्पीकर लावता. ओट्यावर चहाला बसलेली दहा माणसं मला कतारात पाऊस पडतो का ते विचारतात. मागच्या रविवारी मी आईशी अर्धं मिनिट बोलले आणि सरपंचांशी वीस मिनिटं. मला तुमच्याशी बोलायचंय, फक्त तुमच्याशी. माझ्या ऑफिसातली शफा, तिचा नवरा जैद रविवारी रत्नागिरीला निघालाय. तो मुंबईत उतरला की हे कुरियर करेल. आतल्या खोलीत जाऊन वाचा. ओट्यावर मोठ्याने वाचलंत तर माझी शपथ आहे.

आधी त्या फ्लेक्सचं. शेजारच्या बबीताने फोटो पाठवला. एसटी स्टँडसमोर बारा फुटांचा फ्लेक्स, वर नव्या आमदार राजश्रीताई, मध्ये हात जोडून तुम्ही, आणि खालच्या कोपऱ्यात मी. लग्नातला फोटो, नथीसकट! ‘लेकीच्या शब्दासाठी विधानसभेवर पाणी सोडणारे त्यागमूर्ती गोविंदराव यांचा जाहीर सत्कार, रविवार २२ डिसेंबर. प्रमुख उपस्थिती, कतारस्थित कन्या सौ. मधुराताई.’ मला विचारलं कोणी? रजा आहे का, तिकीट मिळतंय का, मुळात यायचंय का? शफाने फोटो पाहिला आणि म्हणाली, यात तूच निवडून आल्यासारखी दिसतेस. मी हसले नाही. तेव्हापासून मी घरात सगळ्यांवर खेकसतेय, आणि कौशिक बिचारा न बोलता भांडी घासतोय.

त्यागमूर्ती म्हणे. पस्तीस वर्षं तुमच्याकडून सतरंज्या उचलून घेतल्या, तेव्हा हा शब्द कुणाला सुचला नाही. दर पाच वर्षांनी ‘पुढच्या वेळी गोविंदराव नक्की’, आणि दर पाच वर्षांनी तुम्ही ते खरं मानायचं. मी दहावीत असताना हेच, माझ्या लग्नात हेच. या वेळी तर जुन्या आमदारांनी सरळ आपल्या सुनेला, राजश्रीताईंना, तिकीट दिलं. मग तुम्ही अपक्ष अर्ज भरलात. भरलात ते भरलात, पण चिन्हाचं वाटप माघारीची मुदत संपल्यावर होतं हे सावळगिरी मतदारसंघात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे, आणि तुम्ही त्याच्या आधीच तीनशे शिट्ट्या आणून ठेवल्यात! ‘शिट्टी मीच पहिली मागितलीय, मलाच मिळणार.’ आईने त्या पोत्यात भरून माळ्यावर टाकल्यात. उंदीर फिरला तरी वाजतात म्हणते.

आता त्या सोमवारचं. चार नोव्हेंबर, भाऊबिजेचा दुसरा दिवस. तीन वाजता माघारीची वेळ संपणार होती, म्हणजे इथले साडेबारा. मी ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून तुम्हाला फोन लावला आणि आधी स्पीकर बंद करायला लावला. मी काय सांगितलं ते तुम्हाला पाठच असेल. कौशिकच्या कंपनीत आमदारांच्या ओळखीचा बडा माणूस आहे, तुम्ही उभे राहिलात तर कौशिकचं कॉन्ट्रॅक्ट खलास, आम्हाला महिन्याभरात सामान बांधावं लागेल. मी रडत होते. तुम्ही एवढंच म्हणालात, “पोरी, रडू नको. किती वाजले?” मी सांगितलं, तिकडचे पावणेदोन. “मग वेळ आहे,” म्हणालात आणि फोन ठेवलात. अडीचला तुम्ही सही करून आलात.

लोकांना तुम्ही फक्त ‘लेकीने शब्द टाकला’ एवढंच सांगितलंत. कौशिकचं नाव घेतलं नाहीत, उगाच जावयाला त्रास नको म्हणून. आईलासुद्धा सांगितलं नाहीत. आणि ज्यांनी धमकी दिली असं तुम्हाला वाटत होतं, त्यांच्याच गाडीत बसून पंधरा दिवस प्रचार केलात. बबीताने तेव्हा व्हिडिओ पाठवला होता. राजश्रीताईंच्या सासऱ्यांनी तुमच्या खांद्यावर हात टाकलेला आणि तुम्ही खाली बघताय. तो व्हिडिओ मी पुरता पाहिला नाही.

दर फोनला तुम्ही आवाज बारीक करून विचारता, “कौशिकरावांचं ते झालं का नीट?” आणि मी म्हणते, होईल, होईल. बाबा, कौशिकचं कॉन्ट्रॅक्ट सप्टेंबरातच दोन वर्षांसाठी रिन्यू झालं होतं. कुणी धमकी दिली नव्हती. आमदारांच्या ओळखीचा तो बडा माणूस मी गाडीत बसल्या बसल्या तयार केला. रडणं तेवढं खरं होतं, पण नोकरीसाठी नव्हतं.

कौशिकला हे महिन्याभराने सांगितलं. ‘माझ्या नावावर तू बाबांना वाकवलंस?’ एवढंच म्हणाला.

मी असं का केलं ते लिहायला ही चौथी बैठक आहे. माझं कामच मोजायचं. नकाशा बघून किती सळई, किती सिमेंट लागेल ते सांगायचं. तुमच्या निवडणुकीचंही मी तेच करून बसले. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी इथे शुक्रवारची सुट्टी होती. मी पूजा उरकली, लॅपटॉप उघडला आणि गावोगाव फोन लावत सुटले. दोन दिवसांत एकशे चाळीस फोन. एकेका बूथची एक्सेल केली. कुणी ‘बघू’ म्हणालं, कुणी ‘वरून सांगतील तसं’. रत्नप्रभाकाकू, जिच्या पेन्शनसाठी तुम्ही दोन वर्षं तहसीलचे खेटे घातलेत, तीसुद्धा ‘बघू गं’ म्हणाली. माझी बेरीज आली तीन हजार नऊशे. आपल्या स्वतःच्या गावच्या बूथवर एकतीस. डिपॉझिट जप्त. हाच ओटा, हीच माणसं, आणि तोंडावर तुम्हाला हसणार. ते मला बघवलं नसतं. हे असं तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही ‘तुझी एक्सेल चुलीत घाल’ म्हणाला असतात आणि जिद्दीने उभे राहिला असतात. म्हणून मी खोटं बोलले.

म्हणजे सरळ लिहायचं तर, पस्तीस वर्षांत पक्षाने तुमच्यावर विश्वास ठेवला नाही, तसा मीही ठेवला नाही.

निकाल लागला तेवीसला. राजश्रीताई अठराशे त्रेचाळीस मतांनी आल्या. माझ्या रडक्या आकड्यानेसुद्धा त्यांचीच मतं खाऊन तुम्ही त्यांना पाडलं असतं, एवढं गणित मला सुचलं नव्हतं! पण खरा धक्का पुढे आहे. मी बबीताच्या फोनवरून रत्नप्रभाकाकूशी बोलले, सहज, खुशालीचं. तिने मला झापलं. “फोनवर कुणी मत सांगतं का गं? तुझा फोन आला तेव्हा समोर सरपंच चहा पीत होता. आमच्या वाडीची तीनशे मतं गोविंदभाऊंना ठरली होती. पण ते आम्ही जावयाला सांगत नाही, तर तुला कतारात कसं सांगू? आणि तू तर भाऊंना बसवूनच टाकलंस.” एका वाडीची तीनशे, आणि मी अख्ख्या गावात एकतीस धरली होती. मी त्याच गावात वाढले. दारात येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला आई ‘बघू’ म्हणायची, हे मी पाहिलंय. दोहात चौदा वर्षं काढली आणि तेवढं विसरले.

तुम्ही निवडून आला असतात का? मला माहीत नाही. कुणालाच माहीत होणार नाही, आणि ते माझ्यामुळे. माझी चिडचिड फ्लेक्सवर नाही बाबा, या गोष्टीवर आहे. फ्लेक्सवर काढणं सोपं जातं.

अजून एक. परवाच्या व्हिडिओ कॉलवर तुम्ही कॉन्ट्रॅक्टचं विचारलंत तेव्हा गार्गी मध्येच बोलली, “बट आबा, पप्पाज जॉब इज फाइन.” तुम्ही हसलात आणि स्पीकर बंद केलात. मी न सांगता, पहिल्यांदाच. मग आईकडे फोन दिलात. तुम्हाला तिचं इंग्रजी कळत नाही असं तुम्हीच नेहमी म्हणता. मी तीन दिवस त्यावरच विचार करतेय. कळलं असेल तर तुम्ही मला का विचारलं नाहीत?

मी येतेय. अठराला इथे राष्ट्रीय दिनाची सुट्टी आहे, तिला जोडून रजा टाकली. एकोणीसच्या संध्याकाळपर्यंत घरी पोचेन. सत्कार घ्यायचा की मोडायचा ते तुम्ही ठरवा. मला फ्लेक्सवरून कापायचं असेल तर कापा. पण स्टेजवर बसवून हातात माईक दिलात तर मी हेच सगळं सांगेन, आमदारांच्या तोंडासमोर. त्या लोकांना मनातल्या मनात जेवढ्या शिव्या घातल्या असतील, तेवढ्या माझ्या नावावर करा. धमकीपुरते तरी ते निर्दोष आहेत.

जिल्हा परिषद कधी लागेल देव जाणे. उभं राहायचं की नाही ते तुमचं तुम्ही बघा, मी शब्द टाकणार नाही आणि मोजणारही नाही. शिट्ट्या माळ्यावर आहेतच. परदेशातल्या मतदाराचा फॉर्म भरून यादीत माझं नाव तुम्हीच टिकवलंत, आणि मत द्यायला स्वतः यावं लागतं असं दर वेळी बजावलंत. चौदा वर्षांत मी एकदाही आले नाही.

त्या एक्सेलमध्ये आपल्या घराची मी दोन मतं धरली होती. तुमचं आणि आईचं.

तिसरं, बूथ ८७, अनुक्रमांक ६१४, जे मी स्वतःच धरलं नव्हतं,
मधुरा