पिशवी माझ्याच हातात राहू दे

प्रिय मावशी,

अक्षर बघून घाबरू नकोस. पत्र मीच लिहिते आहे आणि ताप-खोकला काही नाही. उजवा हात जरा आखडलाय, एवढंच. 'एवढंच' लिहिलं खरं, पण तू आता चष्मा पुसून पुन्हा पहिल्या ओळीवर जाशील, म्हणून सांगूनच टाकते. मनगट मोडलं होतं. परवा प्लास्टर काढलं. 'आवाज असा का गं?' म्हणून तू फोनवर विचारत होतीस, तेव्हा हात गळ्यात अडकवलेला होता. खरं बोलले असते तर मला रडू फुटलं असतं आणि तू धाकट्या मुंगळ्याची शाळा बुडवून पहिल्या गाडीने इथे आली असतीस.

पडले तेही धड पडणं नव्हतं. कामावर, छापखान्याच्या उंबऱ्याला पाय अडकला, मी हात टेकला आणि वाळकी काडी मोडावी तसा आवाज आला. बायंडिंगवाले काका म्हणाले, "राणीसाहेब, माझी नात रोज याच्या दुप्पट आपटते." मला राणीसाहेब म्हणतात, कारण कागदाचा गठ्ठा हलवायचा असला की मी कुणालातरी हाक मारते. आळस नाही गं. उचलायचं असतं हे मला सुचतच नाही.

हाडांचे डॉक्टर म्हणाले, या वयात एवढ्याशाने हाड मोडायला नको. म्हणून मी आपल्या औषधांच्या केंद्रातल्या डॉक्टरबाईंकडे गेले. त्यांनी तपासणी करून घेतली. माझी हाडं विरळ आहेत. जन्मापासून एचआयव्ही असलेल्या मुलांमध्ये असं बऱ्याचदा दिसतं, म्हणाल्या. थोडं विषाणूमुळे, थोडं माझ्या एका जुन्या गोळीमुळे. आईकडून मला आणि मुंगळ्याला, आम्हा दोघा भावंडांना, काय मिळालं, ते आपण घरात कायम 'आपलं ते' म्हणत आलो. आत्ता एचआयव्ही हा शब्द लिहिताना हात थांबला, आणि तो दुखत होता म्हणून नव्हे. गोळी बदलली आहे. रक्तात विषाणू सापडत नाही, पूर्वीसारखंच, त्यामुळे त्या बाजूची काळजी करू नकोस.

मग बाईंनी सहज विचारलं, "लहानपणी काय खेळायचीस? धावणं, उड्या, पाणी भरणं?" डोळ्यांसमोर तूच येत होतीस. माझी आंघोळीची बादली तू आत आणून ठेवायचीस. दप्तर शाळेच्या फाटकापर्यंत तुझ्या खांद्यावर असायचं आणि मुली म्हणायच्या, "आला बघा हिचा हमाल." त्यावर तू हसायचीस, मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. दोरीवरच्या उड्या मारायला निघाले की तू म्हणायचीस, "नको गं बाळा, आधीच तुझ्या अंगात काय उरलंय." शेवटी शेवटी आईला पाण्याचा पेला उचलवत नव्हता. ते तू पाहिलंस, मी नाही. तुझी भीती कुठून आली ते मला कळतं, मावशी. म्हणून बाईंना मी नुसतं "फारसं काही नाही" म्हटलं. हाडांना ओझं लागतं, म्हणाल्या, आणि वाढत्या वयात तर जास्तच. नाही खेळलं, नाही उचललं, तर ती भरत नाहीत. कुणी अडवलं होतं, असं त्यांनी विचारलं नाही. विचारलं असतं तरी मी सांगितलं नसतं.

हे वाचून तू तोंडात घास घालणार नाहीस, म्हणून दोन दिवस पत्र लांबवलं. तूच आम्हाला जगवलंस. गोळीची वेळ तू कधी चुकू दिली नाहीस, नाहीतर हाडांचा विचार करायला मी उरलेच नसते. पण मुंगळ्याला चौदावं लागलंय आणि दिसतो दहाचा. तोच आजार, तीच जुनी गोळी, आणि तीच बादली तू अजून त्याच्यासाठी आत नेऊन ठेवतेस.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. तो शिकवणीनंतर वाचनालयात जात नाही, मैदानावर फुटबॉल खेळतो. बूट मित्राच्या घरी ठेवतो. शनिवारी सामना आहे, आणि 'सरांनी जादा तास ठेवलाय' असं मी तुला सांगावं म्हणून त्याने फोन केला होता. "ताई, मी आता दमत नाही गं," म्हणाला. मी म्हटलं, मावशीशी खोटं बोलणार नाही. फुगला. मग हळूच म्हणाला, "मग लवकर सांग तरी." शनिवारच्या आधी त्याला तिथल्या डॉक्टरांना दाखव, छाती आणि हाडं तपासून घे, आणि त्याची गोळी बदलायची का तेही विचार. खरचटलं, रक्त आलं तर काय, हे मीही बाईंना विचारलं. गोळ्या नीट चालू आहेत आणि त्याच्याही रक्तात विषाणू सापडत नाही. कुठल्याही मुलाची जखम धुऊन बांधतात तशीच त्याची बांधायची. हे सगळं समजूनही मला तो मनगट धरून मैदानात बसलेला दिसतो. तरी डॉक्टर हो म्हणाले तर त्याला जाऊ दे. तूही जा, कडेला उभी राहा, आणि तो पडला तर लगेच हाक मारू नकोस. सुट्टीत मी येईन तेव्हा माझ्या पिशवीत त्याच्यासाठी नवे बूट असतील, शिवाय बरंच काही. गाडीतून उतरताच तू पिशवीला हात घालशील. घालू नकोस. घरापर्यंत तू नुसती माझ्या बरोबरीने चाल.

तुझीच,
थोरली