शेवटची बारा मिनिटं

वहिनी,

दादाने आपल्या दोघींना कधी वाक्य पुरं करू दिलं नाही; तुम्हाला घरात, मला कॉमेंट्री बॉक्समध्ये.

रविवारी रेडिओवाले त्याचा सत्कार करताहेत. पत्रिकेवर छापलंय, ‘तो अंतिम सामना एकहाती सांगणारा आवाज’. मला किळस आली. त्याला लांबून जर्सीवरचे नंबर दिसत नव्हते. मी कानात नावं सांगायची आणि तो बोलायचा. त्या अंतिम सामन्यात त्याने भलत्याच खेळाडूला गोल बहाल केला, गांगरला आणि गप्प झाला. मी माइक ओढला आणि शेवटची बारा मिनिटं सांगितली. त्याआधी या देशात बाईने सामना सांगितलाच नव्हता. बाहेर आल्यावर म्हणतो, “अगं, मी दम खायला थांबलो होतो. केवढी चिरकलीस!”

पुढे वीस वर्षं मी सामने सांगितले. तो मात्र सांगत राहिला, “तिला मीच बसवलं.”

रेडिओ स्टेशनने त्या सामन्याची टेप पुसली. पण तुम्ही घरी रेडिओवरून कॅसेट भरून ठेवली होती.

पोस्टाने पाठवलं तर हे पत्र आधी तोच फोडेल, म्हणून तीन दिवस पर्समध्येच होतं; आज या शेवटच्या ओळी लिहून तुमच्याच हातात देतेय. वहिनी, रविवारी तो बोलायला उभा राहण्याआधी ती कॅसेट लावा.

तुमची चिरकी नणंद